बाळंतिणींच्या वॉर्डाचा बॉयलर

“मुंबईहून गिझर आणा. बटन दाबलं का पानी गरम. इतकं डोकं काहून खपवून राहिले?” दवाखान्याच्या कमिटीचे भाऊसाहेब म्हणाले.

मी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली किटली मागवली आणि चमच्याने आतून खरवडली. टेबलावर पांढऱ्या खपल्या पडल्या.

“हे तुमच्या विहिरीचं खारं पाणी. गिझरच्या कॉइलवर हेच बसणार. वर्षभरात कॉइल जळेल.”

ही साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्याचा जुना बॉयलर तळातून सडला होता. थंडीपूर्वी नवा हवा होता, नाहीतर बाळंतिणी आणि तान्ह्या पोरांना चुलीवरच्या हंड्यांवर भागवावं लागणार होतं. मी अमरावतीचा. कापसाच्या जिनिंग-प्रेसच्या बॉयलरवर हात काळे करून शिकलेलो. डिग्री नाही, पण पाण्याची नस ओळखायचो.

मी इनडायरेक्ट सिस्टीम सुचवली. म्हणजे पाणी दोन. एक बॉयलरमधलं, जाळावर तापणारं. ते पाइपातून टाकीत फिरून परत येतं. दुसरं टाकीतलं, अंघोळीचं. ते या गरम पाइपाला लागून तापतं. दोन्ही कधी मिसळत नाहीत. बॉयलरमध्ये एकदाच पावसाचं गोडं पाणी भरायचं आणि तेच वर्षानुवर्षं ठेवायचं. त्यात क्षार नाहीत, म्हणून आत थर धरत नाही. टाकीतला पाइप जाळाइतका तापत नाही, म्हणून तिथे थर कमी धरतो.

“चाललं नाही तर?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“माझ्या खर्चाने काढून नेईन.”

दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सही केली. श्रावणात बॉयलर बसला. दिवाळीत वॉर्डात धो धो गरम पाणी. मी छाती काढून फिरत होतो.

पौषात निरोप आला, बॉयलर आतून ठोके देतो आणि पाणी कोमट येतं. मी पहिल्या मोटारीने अकोला गाठलं. हँडहोल उघडलं, म्हणजे हात घालण्यापुरतं झाकण. आत बोटभर पांढरा थर! गोड्या पाण्यात हे होणं शक्यच नव्हतं.

जाळ घालायचं काम गोकर्णाबाई आयाकडे होतं. वीस वर्षं तिने पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, बंब तापवले होते. तिला विचारलं, “बाई, यातलं पाणी कधी काढलं का?”

“कधी म्हंजे? रोज सकायी!” ती खालच्या कॉककडे बोट दाखवत म्हणाली. “सारं सोडून देतो अन् विहिरीचं ताजं भरतो. रातचं शियं पानी बाळाच्या आंगावर घालू का मी?”

भाऊसाहेब उसळले. “हिले आजच घरी पाठवा!”

गोकर्णाबाईने पदर तोंडाशी धरला. “मले कोनं सांगतलं होतं साहेब?”

कोणीच नाही. मी डॉक्टरीणबाईंना समजावलं, कमिटीला कागदावर चित्र काढून दिलं. जी रोज पहाटे बॉयलरपुढे बसणार, तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. कमी शिकलेला म्हणून लोक मला विचारत नाहीत, असा राग मीच उरात बाळगून होतो. मला स्वतःची लाज वाटली.

“चूक माझी आहे. दुरुस्तीचा पैसा घेणार नाही. बाई इथेच राहतील,” मी म्हणालो.

दोन दिवस लागले. थर उतरवला. आधी भरलेलं पावसाचं पाणी तर गटारात गेलेलं. मग गोड्या पाण्याच्या विहिरीवरून बैलगाडीने पिंपं आणली. ती रिकामी करण्याआधी गोकर्णाबाईला टाकीचा नळ सोडून दाखवला. “अंघोळीचं पाणी हे. हे रोज ताजंच येतं. बॉयलरमधलं बाळापर्यंत जातच नाही.”

तिने पाइपावरून हात फिरवत सगळा रस्ता तपासला. मग म्हणाली, “असं हाय तर मंग ठीक.”

तो बॉयलर सतरा वर्षं चालला. मी पुढे पुष्कळ बसवले, मोठमोठे बसवले, पण नाव झालं ते याच्यामुळे. गिऱ्हाइकाने बोलावलं की मालकाची खोली मी नंतर गाठत असे. आधी विचारत असे, “जाळ कोण घालतं?”