मळ्याच्या तोंडावरची कणसं

इस्पितळातली नोकरी संपली तेव्हा घरच्यांनी मला दोन गोष्टी सोडायला सांगितल्या. एक, स्कूटर. दुसरी, उन्हातान्हात बाजारासाठी हिंडणं. मी दोन्ही सोडल्या नाहीत. मुलगा पुण्याहून फोन करायचा, "आई, सोललेले मक्याचे दाणे पाकिटात मिळतात. घरी आणून देतात. कशाला एवढ्या लांब जातेस?" मी म्हणायचे, "पाकिटातले दाणे तू खा. मला कणीस हवंय."

हे कणीस मिळायचं शहराबाहेर, हायवे सोडून आत गेल्यावर. कातळ संपून रस्ता खाली उतरतो, तिथे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने मळे आहेत. भातं कापून झाली की या ओलाव्यावर कोणी कुळीथ टाकतं, कोणी वांगी-मिरच्या लावतं. तिथल्या एका मळ्यात थंडीत मका उभा असायचा. मळ्याच्या तोंडाशी चार बांबू, वर नारळाच्या झापांचं छप्पर, खाली एक फळी आणि फळीवर हिरव्या सालींतली कणसं. बाजूला तीन चिऱ्यांची चूल, तिच्यावर मिठाच्या पाण्यात कणसं उकडत ठेवलेला मोठा टोप.

मी एकदा सहज थांबले. फळीमागच्या बाईने एक कणीस सोलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "कच्चंच चावून बघा." चावलं. दुधासारखा रस तोंडात आला. त्यानंतर हंगामभर दर आठवड्याला माझी स्कूटर तिकडे वळू लागली.

बाई चाळिशी ओलांडलेली, उंच, काटक. रस्त्यावरचे सगळे तिला वयनी म्हणायचे, म्हणून मीही वयनीच म्हणू लागले. ती मला बाय म्हणायची. नवरा मुंबईला वॉचमन, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. मुलगी लग्न होऊन गेलेली. मळ्याचं सगळं ही एकटी बघायची. नांगरायला गावातला एक जण यायचा, बाकी पेरणं, पाणी, राखण तिची. राखण म्हणजे माकडांची. माकडं कणीस भरायला लागल्यापासून मळ्याच्या दगडी गडग्यावर येऊन बसायची. ही एक पत्र्याचा डबा काठीने बडवत मळाभर फिरायची आणि त्यांच्याशी भांडायची.

"एवढ्या त्रासापेक्षा कुळीथ का नाही टाकत?" मी एकदा विचारलं.

ती कणसं रचत होती. हात न थांबवता म्हणाली, "कुळीथ दिसत नाय, बाय. मका उंच होतो. गाडीतनं जाणाऱ्याला पण दिसतो."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. मळा दोघा भावांचा, वाटप झालेलं नव्हतं. तिचा धाकटा दीर गावातच राहायचा आणि जमिनींचे व्यवहार जमवून द्यायचा. आजूबाजूचे बरेच मळे आणि कातळ त्यानेच मुंबई-पुण्याच्या लोकांना दाखवले होते. आता हाही मळा विकायचं त्याच्या मनात होतं. तो मुंबईला भावाला फोन करायचा, "दादा, जमीन पडीक आहे, गवत माजलंय, ठेवून काय करणार?" आणि मुंबईत बसलेल्या माणसाला ते खरं वाटायचं.

"म्हणून मी उंच पीक घेतलं," वयनी म्हणाली. "आणि दुकान हितं घातलं, रस्त्याला. येणाराजाणारा बघतोय, ही बाय हितं बसते, हा मका ह्या मळ्यातला. आता म्हणू दे कोण पडीक म्हणतो तो."

त्या दिवशी मी जास्तीची कणसं घेतली आणि शेजारणींच्या दारात नेऊन दिली. कुठून आणली ते प्रत्येकीला नीट सांगितलं.

मग एका सकाळी मी फळीपाशी उभी राहून कणसं निवडत होते, आणि दिराची जीप आली. तिच्यामागे एक पांढरी गाडी. गाडीतून एक जोडपं उतरलं, शहरातलं, पन्नाशीच्या आतबाहेरचं. जीपमधून दीर आणि हातात फाइल घेतलेला एक एजंट.

दीर वयनीपाशी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "वयनी, पाव्हणे आलेत. आजचा दिवस हे आवरा."

"कणसं आज काढलीत, भावोजी," ती म्हणाली. "उद्यापर्यंत गोडी उतरते."

"मी सांगतोय ना."

"मी पण सांगते."

एजंट माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही जरा पुढे होता का? आमचं इथे थोडं काम आहे."

"माझंही काम आहे," मी म्हणाले. "कणसं घ्यायची आहेत." आणि फळीच्या कडेला एक उपडी घातलेली पाटी होती, तिच्यावर बसले.

दिराने मग वाद घातला नाही. भरलेली टोपली उचलली आणि जीपच्या मागे नेऊन ठेवली. वयनी जागची हलली नाही. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलंय. समोरचा माणूस जोर दाखवू लागला की माझा आवाज खाली येतो आणि पाय पुढे जातात. मी उठले, जीपपाशी गेले, टोपली काढली आणि परत फळीवर आणून ठेवली. ती बरीच जड होती. कंबरेत चमक आली, पण ते कोणाला दिसू दिलं नाही.

"बाई, हे आमचं घरातलं आहे," दीर म्हणाला. "तुम्ही मध्ये पडू नका."

"घरातलं असेल तर घरात बोला. हे दुकान आहे आणि मी गिऱ्हाईक आहे. ह्या टोपलीतली कणसं मी घेणार आहे."

गाडीतून उतरलेल्या बाई इतका वेळ ऐकत होत्या. त्या फळीजवळ आल्या आणि त्यांनी वयनीला विचारलं, "हा मका कुठला?"

वयनीने फक्त मागे बोट केलं. मागे डोक्याच्या वरपर्यंत मका उभा होता, तुरे वाऱ्यावर हलत होते.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे. "तुम्ही तर म्हणालात, इथे कोणी कसत नाही."

"हंगामापुरतं थोडं लावतात," दीर म्हणाला. "त्याचं काही नाही. सही माझी आणि दादाची लागते."

"मग दादाला विचारा," वयनी म्हणाली. तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढला, नवऱ्याला लावला आणि स्पीकर सुरू करून फळीवर ठेवला. माझ्या समोर, त्या जोडप्याच्या समोर. मला वाटतं, असं चारचौघांत नवऱ्याला विचारण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

पलीकडून लिफ्टच्या दाराचा आवाज येत होता. दिराने भरभर सगळं सांगितलं, पार्टी चांगली आहे, पुन्हा असा योग येणार नाही, तू फक्त हो म्हण.

तिचा नवरा म्हणाला, "तिला विचार."

"दादा, घरचा कर्ता तू आहेस."

"असेन. पण मी तिथं नाय. मळा ती बघते. ती नको म्हणते तर नको."

वयनीने फोन बंद केला आणि चुलीवरच्या टोपाचं झाकण काढलं. वाफ वर आली. तिने एक उकडलेलं कणीस पानात घालून त्या शहरातल्या बाईंच्या हातात दिलं. "खा," म्हणाली, "तुमची काय चूक नाय." ते जोडपं कणीस खाऊन, आणखी थोडी बरोबर घेऊन निघून गेलं. जीप त्यांच्या आधीच गेली होती.

मला वाटलं, जिंकलो. तसं झालं नाही. दिराने वाटप मागितलं. मोजणी झाली, आणि रस्त्याकडचा अर्धा मळा त्याच्या वाट्याला गेला. वयनीला खालचा, पऱ्याकडचा भाग मिळाला आणि रस्त्यापर्यंत यायला एक चिंचोळी वाट. दुकानाची जागा गेली. तिने बांबू उपटले, झापं डोक्यावर घेतली आणि वळणापलीकडे, त्या वाटेच्या तोंडाशी पुन्हा दुकान उभं केलं. तिथे गाड्या उतारावरून वेगात यायच्या. दुकान दिसेपर्यंत पुढे निघून गेलेल्या असायच्या. टोपलीतली कणसं टोपलीतच सुकू लागली.

मग मी वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहू लागले. दोन हातांत दोन कणसं, सालं अर्धी खाली ओढलेली, पिवळे दाणे दिसतील अशी. गाडी आली की कणीस उंच करायचं आणि दुसऱ्या हाताने वळणाकडे दाखवायचं. पहिल्या दिवशी लाज वाटली. एक कंपनीची बस हळू झाली, आतल्या माणसांनी माना बाहेर काढल्या, कोणीतरी हसलं. पण बस पुढे जाऊन थांबली आणि उतरलेल्यांनी वयनीची निम्मी टोपली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून गेले.

माझ्या सुनेच्या नात्यातल्या कोणीतरी मला तिथे पाहिलं. बातमी मी घरी पोचायच्या आत पुण्याला पोचली.

"आई, तू रस्त्यावर उभी राहून मका विकतेस?" मुलगा म्हणाला. आवाज दबका होता, बहुतेक ऑफिसात असावा.

"विकत नाही. दाखवते."

"लोक काय म्हणतील?"

"तुझी आजी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचे वाटे लावून रस्त्यावर बसायची," मी म्हणाले. "पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसायची. लोक तेव्हाही म्हणायचे. त्या वाट्यांवर मी नर्सिंग शिकले आणि त्या नर्सिंगवर तू इंजिनीअर झालास. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा मी त्याला स्कूटरच्या मागे बसवून तिकडे घेऊन गेले. वयनीने त्याला कणीस दिलं, त्याने ते उभ्याउभ्या संपवलं आणि दुसरं मागितलं. पाकिटातल्या दाण्यांचा विषय त्यानंतर निघाला नाही. मी रस्त्यावर उभं राहावं असं मात्र त्याला अजून वाटत नाही, आणि मी अजून उभी राहते.

दिराने त्याच्या वाट्याचा रस्त्याकडचा अर्धा मळा विकला, तिथे आता बंगला झालाय. मालक दिवाळीला आणि मे महिन्यात येतात, यंदा थंडीतही आले. परवा मी तिथे असताना ते गच्चीवरून खाली बघत म्हणाले, "अहो, तुमच्या चुलीचा धूर थेट आमच्या बेडरूममध्ये येतो. इथून हे हलवता येईल का?"

वयनीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "ही माजी वाट हाय," ती म्हणाली. "दुपारी वारा फिरतो. तोवर खिडकी लावून घ्या."

ते आत गेले. खिडकी लागल्याचा आवाज आला. वयनीने चुलीत आणखी एक लाकूड सारलं, आणि मी दोन कणसं उचलून वळणाकडे चालू लागले.