लाल फीत बांधलेली पिवळी माई

पहाटे खांबावरच्या कर्ण्यातून साऊकाकूचा आवाज यायचा, तेव्हा व्हिएतनाममधल्या सा देकजवळच्या आमच्या वाडीत चुली पेटत असत. बागवान मंडळाच्या बातम्या वाचायचं काम तिचं. पपनसावर मावा पडलाय, तंबाखूचं पाणी मारा. पेंड कुजवल्याशिवाय घालू नका. नदीपलीकडच्या फणसाला पहिलं बक्षीस. मग मंडळातलं कुणी वारलं असेल तर त्याचं नाव, आणि पुन्हा पाण्याची वेळ. सगळं एकाच सुरात. सल्ले साऊकाकांचे असत. ती म्हणायची, "मी नुसता कर्णा. बोलतो तो म्हातारा."

पाऊस सरता सरता साऊकाका गेले. दुपारी टांगलेल्या झोळीत आडवे झाले ते उठलेच नाहीत.

धनी गेला की आमच्याकडे झाडांनाही सुतक असतं. खोडाला पांढरी चिंधी बांधायची आणि झाडाला तसं सांगायचं. न सांगितलेलं झाड धन्याच्या मागोमाग जातं. शेजारणींनीच फणसाला, चिकूला, पपनसाला चिंध्या बांधल्या, सांगितलं. साऊकाकू बघत होती. चहा घेतेस का विचारलं तर "घेते" म्हणायची, आणि कप तसाच गार व्हायचा.

पिवळी माई तेव्हा घरी नव्हती. पिवळ्या फुलांचं हे झाड काकांनी बीपासून वाढवलेलं; कुंडीसकट मंडळाच्या प्रदर्शनात गेलं होतं. हातगाडीवरून माई परत आली तेव्हा सगळे विधी उरकले होते. तिच्या खोडाला दुसऱ्या बक्षिसाची लाल फीत होती. गाडीवाल्याने कुंडी दाराशी ठेवली, आणि ती तशीच राहिली.

काकू बातम्या वाचत राहिली. काकांचं नाव मात्र तिने वाचलं नाही.

वर्षाचा शेवटचा महिना लागला. पौर्णिमेच्या सुमारास घरोघरच्या माईची सगळी पानं खुडली, की तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाला ती फुलते. खुडायचा दिवस काका कळ्या चाचपून ठरवायचे. वाडी कर्ण्याकडे कान लावून बसली होती. कर्णा पेंडीबद्दल बोलत होता.

शेवटी शेजारची ताममावशी कुंपणातून आत आली.

"साऊताई, पानं कधी खुडायची ते सांग बाई."

"बघते."

"कधी बघणार? गेल्या वर्षी माझी मेली सण उलटल्यावर फुलली. सून म्हणते, सासूबाईंचीच सवय, पंगत उठल्यावर यायची!"

काकू हसली नाही. ताममावशीची नजर दाराशी गेली. माईच्या फांद्यांची टोकं वाळली होती. पानं आपोआप गळून कुंडीत पडली होती.

"अगो बाई, हिला अजून लाल फीत? हिला कुणी सांगितलंच नाही?"

"नाही."

"मग सांग की! नाहीतर जाईल ती."

"तू सांग."

"मी कोण? बाकीच्यांना आम्ही सांगितलं, पण ही त्यांच्या हातची. घरच्यानेच सांगायला हवं."

काकूने आपल्या सुतकाच्या पांढऱ्या कपड्याची कड फाडली. फीत सोडली, चिंधी बांधली. ताममावशी सदऱ्याचं टोक चाळवत उभी राहिली.

मग काकू बोलली, ते पहाटेच्या त्या सुरात.

"बागवान मंडळाची बातमी. आपले सभासद साऊ लिएम यांचं निधन झालं आहे." तिने चिंधीची गाठ घट्ट केली. "कुंडीतल्या झाडांना आज पाणी घालू नये."

तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. एक कळी चिमटीत धरून पाहिली, भाताच्या दाण्याएवढी.

"पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

"काय गं?"

"पानं. तुझी, आणि हिचीही."

दुसऱ्या दिवशी पहाटे कर्ण्याने काकांचं नाव वाचलं, मग खुडायचा दिवस. मग, त्याच सुरात, पान खाली ओढून तोडू नका, कळी दुखावते.