माठाची टोपली आणि माझा चष्मा

किन्हवलीहून शहापूरला जाणारी एसटी सुटायच्या आत मला भाजी पिकवून बाजारात विकणाऱ्या सुगंधाबाईंची टोपली अडवायची होती. मी कृषी सहायक, बाईकवर.

चूक माझीच. परवा मुरबाडला लग्नाच्या पंगतीत बसलो असताना बाईंनी भोकं पडलेल्या पानांचा फोटो पाठवला. चष्मा बायकोच्या पर्समध्ये आणि बायको बायकांच्या पंगतीत. बाई नेहमी वांग्याचंच विचारतात, म्हणून पानं वांग्याचीच धरली आणि जिलेबीच्या हातानेच औषधाचं नाव पाठवून दिलं. आज सकाळी चष्मा लावून फोटो पाहिला. हिरवा माठ!

प्रत्येक औषधाला वेटिंग पीरियड असतो, म्हणजे फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये सोडायचे दिवस. माठाचं तर पानच ताटात येतं, आणि हे औषध माठासाठी नव्हतंच. फोन लावला, तर बंद.

बाई स्टँडवर सापडल्या. टोपलीत ओल्या फडक्याखाली जुड्या.

"मावशी, ही भाजी विकू नका! घरी कोणी खाल्ली का?"

"काल सगल्यांनी खाल्ली. नातवानं तर दोनदा घेतली."

मी टोपलीशेजारी बसलोच. "औषध कधी मारलंत?"

"परवाच. वांग्यावर."

"आणि माठावर?"

"त्याच्यावर कशाला? पहिला खुडा आमी घरात शिजवतो, शेजारी वाटी देतो, मंग बाजार. त्याच्यावर इख मारू काय? गुंडाळलेली पानं हातानं खुडली नि अळ्यांसकट कोंबड्यांना घातली."

"मग मला सांगायचं तरी!"

"तुमी सायेब. एवढं लिवून धाडलंत, वाया कसं घालवू? वांगी अजून धरली नायत, म्हनून तिथं मारलं. तुमचा रंग का उडालाय ओ? च्या घेता का?"

चहा घेतला. दोन घेतले. निघताना बाईंनी एक जुडी हातात कोंबली.

घरी पोचलो, तर बायको ओट्यापासूनच म्हणाली, "अरे वा, माठ!" तिने तो लांबून ओळखला.

तेव्हापासून चष्मा माझ्या खिशात असतो. औषध सांगण्याआधी दोन प्रश्न विचारतो: पीक कोणतं, आणि घरी कधी खाणार? दुसरा प्रश्न आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हता.