न आलेले एकशे एक रुपये

वसंतराव उमाळकर निवृत्त होऊन शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून बाहेर पडले, पण गणपतीची वर्गणी गोळा करणं काही त्यांनी सोडलं नाही. तीस वर्षं भोपाळातल्या मराठी घरांचे जिने ते चढले. यंदा गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा सगळ्यांना आपला मोबाइल नंबर कळवून एकशे एक रुपये त्यावरच पाठवा म्हणाले. एकाच दुपारी दोनशे बारा घरांतून पैसे आले. बँकेच्या यंत्रणेला त्यात काळा पैसा दिसला आणि खातं बंद झालं.

"काका, ही माणसं कोण?" बँकेतल्या सोनलने छापील यादी पुढे सरकवत तिखटपणे विचारलं.

वसंतराव एकेका नावावर बोट ठेवत सांगू लागले. हा कुठल्या मजल्यावर, ही मूळची कुठली, कोणाचं बायपास झालं, कोणाची मुलगी पहिलटकरीण. सोनल पत्ते संगणकावर ताडून बघत होती. चाळिसाव्या नावाला तिने ताडणं सोडलं आणि नुसती ऐकत राहिली. तिला स्वतःच्या इमारतीतली पाच नावं सांगता आली नसती.

"खातं उघडणं माझ्या हातात नाही, काका," शेवटी ती ओशाळून म्हणाली. "हुकूम वरून आलाय."

वसंतरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते यादी पुन्हा वरपासून वाचत होते.

"मिसरोदचे भोयर यात नाहीत," काठी उचलत ते म्हणाले. "एकटे राहतात, आणि दरवर्षी पहिली वर्गणी त्यांचीच असते. आधी तिकडे जाऊन येतो."