पांढरमाळ ठेसनावरची धोंडाबाई

जळोचीच्या पुढं, बारामती-दौंड छोट्या रेल्वेवर पांढरमाळ नावाचं एक स्टेशन होतं. पत्र्याची शेड, दगडी कट्टा आणि बारमाही पाण्याची विहीर, एवढाच पसारा. नवरा गेल्यावर धोंडाबाईला तिथं उतारूंना पाणी पाजायचं काम मिळालं. सकाळच्या गाडीनं आसपासच्या बाया गवार, वांगी, काकड्या दौंडच्या बाजाराला न्यायच्या. त्यांच्या पाट्या डब्यात चढवायला धोंडाबाईचाच हात लागायचा.

मग १९३४ साली स्टेशनाजवळून जाणाऱ्या भिगवणच्या रस्त्यानं मोटार सुरू झाली. उतारू तिकडं वळले आणि पुढल्याच वर्षी स्टेशन बंद झालं. गाडी न थांबता शिट्टी घालून जायची. तरी धोंडाबाई रोज येऊन कट्टा झाडायची.

"आक्का, आता कुणासाठी झाडता?" शेजारच्या मळ्यातली शकुबाई एकदा म्हणाली.

"घरात बसून जीव रमत न्हाय बघ."

चैत्रातल्या एका दुपारी तीच मोटार स्टेशनाजवळ बंद पडली. नाकातून नुसती वाफ! ड्रायव्हर मानसिंग डबा घेऊन विहिरीवर आला, तशी धोंडाबाईनं दोर ओढून घेतला.

"तुज्या मोटारीनं माजं ठेसन खाल्लं. तिला पाणी देनार न्हाय मी."

"नका देऊ मावशी," मानसिंग खाली बघत म्हणाला. "पर आत एक पोटुशी बाई हाय. तिला तरी घोटभर द्या."

धोंडाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. माणसं उन्हात उभी होती. तिनं पोहरा सोडला. त्या बाईला शेडच्या सावलीत बसवलं, सगळ्यांना पाणी पाजलं आणि शेवटी मानसिंगचा डबाही भरला.

"घे. तुज्या मोटारीचंबी तोंड भाजलंय."

"खायला काय मिळंल का, बाई?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. धोंडाबाई शकुबाईच्या मळ्यात धावली आणि काकड्यांची पाटी घेऊन आली. मोटार निघेपर्यंत पाटी रिकामी!

दुसऱ्या दिवशी मानसिंग आपणहून थांबला. हळूहळू बाया पुन्हा पाट्या घेऊन शेडखाली उतारूंना माल विकायला बसू लागल्या. उरलेला माल मोटारीच्या टपावरून भिगवणला जाऊ लागला. पाट्या टपावर चढवायला अर्थातच धोंडाबाई. मोटारीला कधी वेळ झाला, की ती रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"कुठं हुतास रं मानसिंग? गवार सुकाया लागली की! चल, धर ही पाटी."