इतिहासात न लिहिलेला गोळा

माझ्या वडिलांना एक सवय होती. कुठे मोठा आवाज झाला, मग तो रस्त्यासाठी खडक फोडणारा सुरुंग असो की लग्नातला बार, ते हातातलं काम थांबवून ओठांतल्या ओठांत मोजायला लागत. अठरापर्यंत मोजत, मान थोडी उत्तरेकडे वळवून काही ऐकू येतंय का ते बघत आणि मग मुकाट्याने पुन्हा कामाला लागत. गावात सगळे त्यांना फौजी म्हणत. फौजेतल्या माणसाची काही तरी खोड असायचीच, असं समजून कुणी त्यांना विचारत नसे. मीही विचारलं नाही.

तलमडुगूच्या बाजूला, पैनगंगेपासून काही कोसांवर आमचं गाव. बाबा आधी हैदराबाद संस्थानाच्या फौजेत, तोफखान्याच्या एका बॅटरीत होते. पोलीस ॲक्शन झाली, संस्थान हिंदुस्थानात आलं आणि त्या फौजेची मोडतोड झाली. काहींना घरी पाठवलं, काहींना निवडून नव्या फौजेत घेतलं. बाबा निवडलेल्यांत होते. पुढे आठ वर्षं त्यांनी हिंदुस्थानी तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये नोकरी केली आणि पेन्शन घेऊन घरी आले, ते नेमके हैदराबाद राज्याचे तुकडे झाले त्याच वर्षी. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. तहसिलीत तोवर सगळा कारभार उर्दूत चालायचा. आता तिथे तेलुगू बोलणारे नवे साहेब आले होते आणि पेन्शनच्या कागदासाठी बाबांना तीन-तीन खेपा घालाव्या लागत.

माझ्या मायचं माहेर नदीपलीकडे, वऱ्हाडात. बाबा दरवर्षी सुट्टीवर आले की तिला डोंग्यापर्यंत सोडायला येत. पण स्वतः कधी डोंग्यात पाय ठेवत नसत. काठावरूनच परत फिरत. मामा म्हणायचा, दाजींना फौजेचा तोरा आहे, आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नाही. माय तेवढ्यात विषय बदलायची.

त्या हिवाळ्यात आमच्या दारात एक जीप आली. तिच्यातून एक तरुण कॅप्टन उतरला. बाबांनी अंगावर सदरा चढवला आणि ताठ उभे राहिले. कॅप्टनने त्यांना आधी बसायला लावलं, मग स्वतः बाजेवर बसला. तो हिंदीत बोलत होता. रेजिमेंटचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्याची अडचण अशी होती, की ही रेजिमेंट तीन-चार संस्थानांच्या तोफखान्यांचे तुकडे जोडून बनली होती. कुठली बॅटरी कुणाची, तिच्याकडे कोणत्या तोफा होत्या, ती कुठे कुठे लढली, हे सांगणारे कागद धड उरले नव्हते. माणसाला जसं कूळ असतं तसं रेजिमेंटलाही लागतं, असं तो म्हणाला. रंगरूटाला पहिल्या दिवशी तेच सांगायचं असतं, तू कुणाच्या जागी उभा आहेस. बाबांच्या जुन्या बॅटरीतले हयात असलेले फार थोडे लोक त्याला सापडले होते.

त्याने प्रश्नांचा एक कागद दिला आणि जमेल तसं लिहून पाठवायला सांगितलं. निघताना जीपजवळ उभं राहून त्याने आणखी एक विचारलं. पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात बॅटरीने गोळा डागला होता का? बाबा म्हणाले, नाही. कॅप्टनने मान हलवली आणि तो गेला.

बाबांना वाचायला-लिहायला उर्दूच येत होतं. म्हणून ते सांगायचे आणि मी शाळेच्या वहीत मराठीत लिहायचं, असं ठरलं. रोज शाळेतून आल्यावर आम्ही ओसरीवर बसू. सांगताना बाबा वेगळेच होऊन जात. त्यांच्या उस्तादांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलेली बॅटरीची सगळी वंशावळ त्यांना तोंडपाठ होती. आधी बैलांनी ओढायच्या तोफा, मग घोड्यांच्या, मग मोटारींच्या. कोणत्या तोफेला जवान काय नावाने हाका मारत. एका तोफेवर सहा माणसं कशी उभी राहतात, कुणाचं काय काम. बाबांचं काम निशाणा बांधायचं. हवालदार आकडा सांगणार, बाबा तोफेच्या चकत्या फिरवून नळी तेवढ्यावर आणणार आणि ‘तयार’ म्हणणार. गोळा सुटला की तो पडेपर्यंत मोजत राहायचं, हेही त्यांना शिकवलेलं. मोजण्याचं कारण मला असं वहीत लिहिता लिहिता कळलं.

पाचव्या की सहाव्या दिवशी आम्ही त्या आठवड्यापाशी आलो. बाबा वही मिट म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी बसायच्या आधीच ते बाजेवर येऊन बसले होते.

“त्या साहेबाले मी खोटं सांगितलं,” ते म्हणाले. “आता सांगतो तसं लिव. एक बी शब्द गाळू नको.”

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची तोफ पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, उंचवट्यावर लावली होती. नदी भरून वाहत होती. पलीकडे हिंदुस्थानची हद्द. पलीकडच्या एका गावात फौज गोळा होतेय, अशी खबर आली आणि हवालदाराने आकडा सांगितला. बाबांनी नळी वळवली आणि नळीच्या रोखाने बघितलं, तर समोर मायचं माहेर. देवळाशेजारचा पिंपळ त्यांनी ओळखला. त्या पिंपळाखालीच त्यांचं लग्न लागलं होतं. हवालदाराचं लक्ष नव्हतं. बाबांनी निशाणा तीन अंश उजवीकडे सरकवला. तिकडे घरं नव्हती, नुसती ज्वारीची शेतं होती. मग ते ‘तयार’ म्हणाले. गोळा सुटला. अठरा मोजल्यावर ज्वारीतून धूर उठला. दुसऱ्या गोळ्याचा हुकूम आलाच नाही. दोन दिवसांनी सगळ्या बॅटरीने हत्यारं खाली ठेवली.

पुढे काही महिने त्यांना छावणीत ठेवलं. मग निवड, मग नव्या झेंड्याखाली शपथ. नव्या रेजिमेंटमध्ये त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा जवान त्या आठवड्यात दुसऱ्या बाजूने चालून आला होता. दोघांनी आठ वर्षं एका तोफेवर काम केलं. त्या दिवसांबद्दल दोघांनीही एकमेकांना कधी काही विचारलं नाही.

“घरं वाचवली मी,” बाबा म्हणाले. “पन त्या जवारीत काय होतं, ते मले आजवर मालूम नाही.”

माय आत चुलीपाशी होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. “आमी होतो.”

माय खाली बघून बोलत होती. पोलीस ॲक्शनच्या आधीच ती मला घेऊन माहेरी गेली होती. मी पाच वर्षांची. त्या दिवशी काठावर तोफा लागल्याची बातमी गावात पोचली, तसे सगळे घरं सोडून ज्वारीत जाऊन लपले. घरांवर गोळे पडतील, शेतात कोण टाकेल, असं त्यांना वाटलं. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. माझ्या आजोबांच्या घरी वर्षाच्या बोलीवर राबणारा एक सालदार होता, त्याने मला खांद्यावर घेतलं होतं. शिटीसारखा आवाज आला तेव्हा त्याने मला खाली टाकलं आणि माझ्यावर पालथा पडला. मला खरचटलंही नाही. तो गेला.

मी पेन्सिल धरून बसले होते. मला एक आठवण होती, ताप आल्यावर पडलेलं स्वप्न असं मी ती समजत आले होते. तोंडात माती, पाठीवर फार मोठं ओझं आणि कानाजवळ कुणाचा तरी श्वास. तो श्वास थांबतो आणि ओझं तसंच राहतं. ते स्वप्न अनेकदा पडे आणि मी कुणाला सांगत नसे.

“काऊन नाही सांगितलं?” बाबांनी विचारलं.

“सांगितलं असतं तं तुमी घरी आले नसते,” माय म्हणाली. “तोफ तुमच्याच बॅटरीची, हे मले ठाऊक होतं. तुमचा हात होता, हे आता आयकून राह्यली.”

त्यानंतर चार दिवस वही तशीच मिटलेली राहिली. पाचव्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, चल. नदीला पाणी कमी होतं. ते डोंग्यात बसले तेव्हा डोंगावाल्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. पलीकडच्या काठापर्यंत बाबांनी दोन्ही हातांनी डोंग्याची कड घट्ट धरून ठेवली होती.

सालदाराची बायको गावाबाहेर एका झोपडीत राहायची. ती अंगणात तुरी पाखडत होती. बाबा उभ्या उभ्याच बोलले. तोफ, तीन अंश, ज्वारी, सगळं. आपण घरं चुकवायला गेलो, हेही त्यांनी एकदाच सांगितलं, त्यावर जोर दिला नाही. तोफा घरांवर मारतात, शेतात पडला तो गोळा विमानातलाच, असं गावात आजवर सगळे म्हणत होते. तीही तेच धरून बसली होती. तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, कुठून? बाबांनी नदीकडे हात केला. पलीकडचा उंचवटा झाडांमागे पुसट दिसत होता. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

“इतक्या दुरून माणूस दिसत नसन,” ती म्हणाली.

“नाही दिसत,” बाबा म्हणाले.

तिने परत सूप उचललं. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि निघालो. तिने त्यांना माफ केलं, की माणूस दिसत नसताना मारायला निघालात म्हणून दोष दिला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही ठरवता येत नाही. बाबा त्या वर्षापासून दर सुगीला पलीकडे जाऊन तिच्या जमिनीच्या तुकड्यातली ज्वारी कापून देत. ती त्यांना प्यायला पाणी देई. त्यांच्याजवळ मात्र कधी बसली नाही. आपलं ते स्वप्न मी बाबांना कधी सांगितलं नाही. माझ्या पाठीवर कुणाचं ओझं होतं हे त्यांना माहीत होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

वहीतली पानं सगळी कॅप्टनला पाठवली. बाबांनी खाली उर्दूत सही केली. दोनेक वर्षांनी छापलेलं पुस्तक टपालाने आलं. मी त्यातलं हिंदी वाचून, समजून घेऊन बाबांना सांगितलं. बैलांच्या तोफा होत्या, घोड्यांच्या होत्या, उस्तादांचं नावही होतं. त्या आठवड्याबद्दल एकच ओळ होती, की बॅटरी नदीकाठी तैनात होती आणि तिने शांतपणे हत्यारं ठेवली. सोबत कॅप्टनचं पत्र होतं. कागदी पुरावा नसल्याने तेवढं घेता आलं नाही, पण मी ते वाचलं आहे, असं त्याने लिहिलं होतं.

पुढे एकदा रेजिमेंटच्या वाढदिवसाला जुन्या लोकांना बोलावणं आलं. बाबा गेले. तिथे त्यांना रंगरूटांसमोर उभं करून बॅटरीचं कूळ सांगायला लावलं. परत आल्यावर मायने त्यांना विचारलं, काय सांगितलं? बाबा म्हणाले, सगळं सांगितलं, पुस्तकात नाही ते बी. मग पोरं काय म्हणाली, असं तिने विचारलं.

“एकानं त्या सालदाराचं नाव इचारलं,” बाबा म्हणाले. “मी सांगितलं.”

माय त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.