पावडरीतलं तेल

“मुलीला इसेन्शियल फॅटी ॲसिड्स मिळत नाहीयेत,” नगरच्या बालरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. म्हणजे शरीराला लागतात, पण स्वतः बनवता येत नाहीत अशी फॅट्स. “हिला रोज नेमकं काय पाजता?”

आमची मनू माझ्या मांडीवर होती.

राहुरीजवळच्या आमच्या गावात मी दूध संकलन केंद्र चालवतो. दुधात तेल सापडलं की कॅन परत, मग तो सख्खा चुलता का असेना. बाळंतपणानंतर माझ्या बायकोला, वैशालीला, सुरू झालेल्या औषधांमुळे मनूला अंगावर पाजायचं नव्हतं. म्हणून पावडरीचं दूध लिहून दिलं होतं. डब्यावर वाचलं: सूर्यफूल तेल, सोयाबीन तेल. म्हटलं, ही तर चक्क भेसळ. डबा ठेवला बाजूला आणि आमच्याच गायीचं दूध सुरू केलं. पचायला हलकं म्हणून साय काढून, वर निम्मं पाणी. बाटल्या मीच भरायचो. वैशालीला वाटायचं, पावडरच आहे.

चौथ्या महिन्यात मनूच्या अंगाचे पापुद्रे निघायला लागले. जावळ गळायचं. वजन हलेना. आम्ही आपले खोबरेल चोळत बसलो.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “ही फॅट्स आईच्या दुधात असतात. गायीच्या दुधात फार कमी, त्यात तुम्ही साय काढलीत. पावडरीत ती तेलं मापून घालतात, लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक या दोन फॅटी ॲसिड्सचा तोल राखून. कमी नको, जास्तही नको. घरी तेल घालू नका.” अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच.

रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो होतो. वैशाली एकदाच बोलली. “मला तरी इचारायचं हुतं.” मला रडूच आलं.

पुन्हा पावडर सुरू झाली. काही आठवड्यांत मनूची कातडी मऊ पडली, वजनही चढायला लागलं. पण वैशाली मला डब्याला हात लावू देईना. लई लागायचं मनाला, पण चूक माझीच होती.

माझ्यासारख्या बापांनो, शंका आली तर डॉक्टरांना विचारा. आणि बाळाच्या आईपासून काही लपवू नका.

परवा सकाळी मनू भुकेनं रडत होती. वैशालीनं डबा माझ्यापुढे ठेवला. “आज तुमी करा.”

पावडरीचा एकेक चमचा सपाट करून, मोजून बाटलीत घातला. मनू बाटली संपवून माझ्या शर्टाची गुंडी धरून झोपली. मी तसाच बसून राहिलो. वैशालीनंच केंद्रावर फोन लावला, “त्यांना आज उशीर व्हईल.”